हिरामण भोयेची अकरा मरणं आणि एक

हिरामण भोये माझ्या माहितीत अकरा वेळा मेला. चारदा गोळी लागून, तीनदा बाँबने उडून, एकदा पोटात संगीन जाऊन, आणि उरलेल्या वेळी दिग्दर्शकाला त्या दिवशी जसं सुचलं तसं. मरून झालं की कपडे झटकायचा, दोन भाकरी हाणायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या पेठ नाक्यावर जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून "करंजाळी, आंबेपाडा, पेठ! चला, दोनच सीट!" म्हणून ओरडायचा. आत अठरा माणसं आधीच कोंबलेली असायची.

मी त्याच नाक्यावर एसटीचा वाहतूक नियंत्रक. म्हणजे खरं वैर पाहिलं तर आमचं दोघांचं. माझ्या बसचे प्रवासी हा दहा मिनिटं आधी उचलून न्यायचा आणि वर जाताना मला डोळा मारायचा. तरी सकाळचा चहा आमचा बरोबरच व्हायचा, कारण बातम्या त्याच्याइतक्या ताज्या कोणाकडे नसायच्या. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणत्या सरपंचाने पुतणीच्या लग्नात कोणाला मुद्दाम पत्रिका दिली नाही, सगळं त्याच्या जीपमधून नाक्यावर उतरायचं. मी त्याच्यावर तक्रारी लिहायचो, पण चहा संपल्यावर.

नव्व्याण्णव साली कारगिल झालं आणि टीव्हीवाल्यांना लढायांची भूक लागली. कारगिल तर होतंच, पण पासष्ट, एकाहत्तर, सगळ्या जुन्या लढाया बाहेर निघाल्या. त्या हिवाळ्यात मुंबईची एक कंपनी आमच्या डोंगरांत येऊन उतरली. त्यांचा प्रकार असा की, खरोखर लढलेला एखादा म्हातारा फौजी खुर्चीत बसून हकिकत सांगणार, आणि मधे मधे नट लोक तीच हकिकत करून दाखवणार. अर्धं खरं, अर्धं सोंग. या कामाला त्यांना जुनी जीप हवी होती. हिरामणच्या जीपला हिरवा रंग फासला आणि ती फौजेत भरती झाली. रंग पाण्याने निघणारा होता, त्यामुळे शनिवार-रविवार ती सुट्टीवर येऊन करंजाळीची सीट भरायची.

हिरामण नुसता ड्रायव्हर म्हणून गेला होता. पण पहिल्याच आठवड्यात मेलेली माणसं कमी पडली. महेश नावाचा एक नाशिकरोडचा पोरगेला सहायक होता. सगळी धावाधाव त्याच्याकडे. तो म्हणाला, "हिरामणभाऊ, नुसतं पडून राहायचंय. जमेल?"

"पडायला काय लागतं?"

आता त्या दिवशी झालं काय, हिमालय करायचा होता. बर्फ म्हणून महेशने टेकडीच्या उतारावर मिठाची चौदा पोती पसरली होती. कॅमेरा सुरू झाला, धडाधड माणसं पडली, आणि वरच्या पाड्यावरची गुरं खाली उतरली. मीठ म्हटल्यावर गाय थांबते होय! पाच मिनिटांत अर्धा हिमालय चाटून साफ. इतर मेलेले बोंबलत पळाले. एक लाल गाय हिरामणच्या कानापासून नाकापर्यंत सावकाश चाटत राहिली. हिरामण हलला नाही. दिग्दर्शक म्हणे खुर्चीतून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हा माणूस मला रोज पाहिजे."

त्याला ठाऊक नव्हतं, पण हे हिरामणच्या घराण्यातच होतं. आंबेपाड्याला दर वर्षी बोहाडा होतो. मुखवटे लावून देव आणि राक्षस नाचतात, आणि कोणाचं सोंग कोणत्या घराचं हे आजा-पणजापासून ठरलेलं. भोयांच्या घराकडे राक्षसाचं सोंग. त्याचा बाप, आजा, सगळे वर्षातून एकदा देवीच्या हातून मेलेले. मरण्यात ते घर मुरलेलं.

पण इथेच माशी शिंकली. हिरामणला मिळायचं ते दरवेळी दुश्मनाचं काम. महेशने कारण सांगितलं, "आपले जवान मुंबईहून येतात, उंच, गोरे. दुश्मन लोकलच घ्यायचे, वरून ऑर्डर आहे." पहिला भाग टीव्हीवर लागला तेव्हा आंबेपाड्यात पुंजा हवालदाराच्या ओटीवर सगळा पाडा जमला. पुंजा फौजेतून निवृत्त झालेला, मिशा अजून ड्युटीवर. त्याने हिरामणला ओळखलं आणि मांडीवर थाप मारली. "आरं, ह्यो तर आपला दुश्मन!"

झालं. नाव चिकटलं. जीपमधली शाळेची पोरं ओरडायची, "ए दुश्मन, फाट्यावर थांबव!" मीही, खोटं कशाला बोलू, नाक्यावर दोन-चारदा माईकवरून पुकारलं, "दुश्मनाने आपली गाडी बसच्या जागेवरून काढावी." तो हसायचा. पण एक दिवस चहा अर्धाच ठेवला.

"कंट्रोलर, मला काय बी म्हना. पन पाणवठ्यावर बाया आईला म्हनत्यात, कुसाबाय, तुझा दुश्मन आला का नाशकावरनं? ती आता टीव्ही बघत नाय. तिकडं पाठ करून बसती."

"मग सोड काम."

"सोडून नाव जाईल व्हय?" तो म्हणाला. "एकदा आपल्या बाजूनं मेलो ना, म्हंजी झालं."

ते पुरतं डोक्यात घेतलं त्याने. जो भेटेल त्याला हेच. "महेशसाहेब, एकदा आपल्या बाजूनं मारा ना मला!" महेश म्हणायचा, "बघू." दोन वर्षं बघत होता तो. तोवर हिरामण अकरा वेळा मेला, अकराही वेळा पलीकडून.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात एकाहत्तरचा भाग करायला घेतला. तीस वर्षं होत होती. खुर्चीत बसायला सटाण्याकडचे सुभेदार सावळीराम देवरे आले. कांदा काढणी टाकून आले होते आणि ते दर अर्ध्या तासाने सांगायचे. त्यांची हकिकत त्यांच्या दोस्ताची, नाईक धनराजची. सुभेदार पायाला गोळी लागून दगडामागे पडले होते. धनराज पाण्याचा डबा घेऊन त्यांच्यापर्यंत आला आणि तिथंच गेला.

धनराज होणारा मुंबईचा नट पिळदार, देखणा. तो हिरामणच्या जीपमधून ऐटीत उडी मारून उतरला आणि पाय मुरगळून खाली बसला. संध्याकाळ जवळ आलेली. सगळे डोक्याला हात लावून उभे. सुभेदार सकाळपासून हिरामणचं पडणं बघत होते. ते हिरामणकडे बोट करून आपल्या अहिराणीत म्हणाले, "त्याले उभा करा ना. तो काया शर्टवाला."

दिग्दर्शक म्हणाला, "अहो, तो दुश्मन आहे. लोकांना चेहरा माहीत आहे."

"लढाईमा मरेल माणूस मी पाह्येल शे," सुभेदार म्हणाले. मरेल म्हणजे मेलेला. "बाकीना नाटक करतस. हाऊ खरा पडस."

हिरामणला आपला गणवेश चढवला. महेश सांगतो, टोपी नीट करायला त्याने जीपचा आरसा तीनदा वाकवला. मग डबा घेऊन उतारावरून पळाला. फटाका वाजला. आणि त्या गड्याने काय करावं? गोळी लागल्यावर आधी गुडघा टेकला, डबा सावकाश सरळ उभा ठेवला, झाकण दाबलं, आणि मग पडला. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. आंबेपाड्यात चैत्रात दोन डोंगर उतरून पाणी आणावं लागतं. तिथे माणूस मरेल, पण पाणी सांडणार नाही.

सुभेदार टेकडीकडे बघत राहिले.

आता सिनेमावाल्यांची एक रीत असते. जो मेलेला दाखवला, त्याच्यावर खरोखरचं काही येऊ नये म्हणून त्याला उठवून कॅमेऱ्यासमोर हसवायचं. ते हसणं नंतर कापून टाकतात. एरवी मधे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करायचे, पण त्या दिवशी उजेड जात होता, म्हणून कॅमेरावाल्याने तो तसाच चालू ठेवला आणि महेश ओरडला, "हिरामण, हस!" अकरा वेळा तो उपचारापुरता दात दाखवायचा. या वेळी त्याने डोळे उघडले आणि बारशात बाप हसतो तसा हसला. आपल्या बाजूने मेला होता ना!

भाग लागला डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराला. वीज गेलेली, म्हणून पुंजाच्या ओटीवरचा बॅटरीवरचा छोटा टीव्ही हिरामणच्या जीपच्या बॅटरीला जोडला. मला खास आमंत्रण होतं, मी माझ्याच एसटीने तिकीट काढून गेलो. कुसाबाई आली होती. लेक आपल्यांच्यात आहे म्हटल्यावर पहिल्या रांगेत, टीव्हीकडे तोंड करून बसली.

सुभेदार बोलत होते. हिरामण पळाला. गोळी लागली. डबा ठेवला. पडला. बायांनी पदर तोंडाला लावले. पुंजा हवालदार तर ताडकन सावधान उभा. मागे सनईसारखं काहीतरी रडकं वाजत होतं. आणि तेवढ्यात मेलेल्या हिरामणने डोळे उघडले आणि बत्तीसच्या बत्तीस दात काढून हसला.

मुंबईत कापाकापी करणाऱ्याने मरण आणि हसणं एकाच तुकड्यात राहू दिलं होतं. वर त्याची गतीही कमी केलेली. त्यामुळे ते हसू संपता संपेना.

पुंजा तसाच सावधान, पण मिशी थरथरायला लागलेली, रागाने की हसू दाबून ते त्याचं त्याला माहीत. हिरामण "वायर सुटली वाटतं" म्हणत जीपखाली शिरला. वायर चांगली घट्ट होती.

तेवढ्यात कुसाबाईने टाळी वाजवली. "उठला! हां, आता कसं!"

पुंजा म्हणाला, "आगं म्हातारे, शहीद झाल्यावर उठत्यात का?"

"तुला रं काय ठावं? तू फौजंत व्हता तवा बोहाडा कुठं बघितला? पडलेलं सोंग उठून गावाला तोंड दाखवतं, तवा गाव घरला जातं. ह्यो मेला अकरा बारी पडून ऱ्हायला, टीव्ही बंद. मला का बघवलं नाय? दुश्मन हाय म्हनून व्हय? उठत नव्हता म्हनून!"

म्हणजे बघा! आम्ही दोन वर्षं समजत होतो की म्हातारी नावाला लाजून पाठ करते. सगळ्या बाया हसायला लागल्या. एकीने तर टीव्हीला हळदकुंकू लावलं.

पण हिरामण जीपखालून आला तो पांढराफटक. सोमवारी नाक्यावर मला म्हणाला, "कंट्रोलर, आई खूश हाय, पन खऱ्या मेलेल्या माणसाची मी थट्टा केली. सुभेदार मला उभा चिरतील. नाव जायचं ऱ्हायलं, आता कायमचं बसलं."

मंगळवारी सटाणा बसमधून सुभेदार उतरले. मी हिरामणला सांगायला गेलो तर तो आधीच जीपच्या मागच्या चाकाजवळ पाना घेऊन बसलेला. सुभेदार त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"ऊठ रे."

हिरामण उठला. "साहेब, ती चूक मुंबईची..."

"माले सांगू नको." सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस वरीस झायं. डोया मिटा का तो मना समोर पडेल. पडेलच. रविवारे तो उठना. हसना बी." मग म्हणाले, "धनराजनी बहीण बी पाही ऱ्हायनी व्हती. तिनी सांगं, त्या पोराले जेवाले बलाव."

मी त्या वेळी नोंदवहीत उगाच काहीतरी लिहीत होतो. काय लिहिलं ते नंतर वाचता आलं नाही.

सुभेदारांना पुढच्या सीटवर बसवून हिरामणने आंबेपाड्याला नेलं. ती एकच फेरी, जिच्यात त्याने दुसरी सीट भरली नाही. कुसाबाईने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. पुंजा हवालदार मिशा पुसत आला आणि सुभेदार म्हटल्यावर त्याने कडक सलाम ठोकला. सुभेदारांनी शेजारी जेवत असलेल्या हिरामणकडे बोट केलं. "याले बी ठोक. आमनी पलटणना जवान शे."

पुंजाने ठोकला. सगळ्या पाड्यासमोर. मी असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या, पण मला साडेतीनची बस सोडायची होती. हे सगळं मला सहा जणांनी सहा प्रकारे सांगितलंय, सलाम मात्र सहाही हकिकतींत आहे.

पुढच्या महिन्यात महेशचा फोन आला. म्हणाला, "हिरामणभाऊ, घोटाळा झाला. तू आता शहीद आहेस, तुला दुश्मन करता येत नाही. आणि शहीद पुन्हा मेला तर लोक पत्रं लिहितात."

"मंग?"

"मग जीप तेवढी पाठव."

कोणी दुसरा असता तर तोंड पाडून बसला असता. हा नाक्यावर पेढे घेऊन आला. "कंट्रोलर, सुटलो! मरणं बंद!" जीपबरोबर तो अजून जातो. सुभेदार आले असले की त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसतो आणि मरणाऱ्यांवर नजर ठेवतो. परवा सुरगाण्याचा एक गडी गोळी लागून छान कोसळला, पण कंबर धरून. दिग्दर्शक काही म्हणायच्या आत हिरामण खुर्चीतून ओरडला, "आरं, गोळी छातीत लागली ना? कंबर काय धरतो, बाळंतीण हाय का तू? ऊठ, परत मर!"

सगळं परत करावं लागलं. दिग्दर्शक तणतणत आला. "इथे डायरेक्टर कोण आहे?"

सुभेदारांनी शांतपणे शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.