बाबांच्या ट्रंकेतली चिनी चटणी

आई गेली. तिचे दिवस झाल्यावर भावाने तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आणून ठेवली. मी ती अजून उघडलेली नाही, पण फटीतून जुन्या लसूण-मिरचीचा वास येतो आहे.

बाबा बोटीवर स्वयंपाकी होते. बोटीवर कुणी दगावला, तर सोबत्याने त्याची ट्रंक घरी पोचवायची, अशी रत्नागिरीच्या आमच्या वाडीत रीत होती. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी त्यांचे सोबती इस्माईलचाचा हीच ट्रंक खांद्यावर घेऊन अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभे राहिले. एकटेच.

आई मासे साफ करत होती. ती उठली नाही. ओल्या हाताने तिने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या.

"वहिनी, अशा काय बघता? उघडा तर खरी!" चाचा म्हणाले. "तो चिनी खानसाम्याकडून रांधायला शिकतोय. चार महिन्यांनी येईल."

ट्रंकेत लाल चटणीची बरणी होती आणि बाबांनी चिनी पदार्थांच्या कृती लिहिलेली वही. आईने बोटाने चटणी चाखली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"भारीच तिखट दिसते," चाचा हसले.

"त्यांना सांगा, काय पाठवायचं ते फडक्यात बांधून पाठवा. ट्रंक पाठवायची नाही," आई म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, चटणीच तिखट असेल.

सकाळपासून मी ट्रंकेपाशी बसले आहे. या वेळी ती रीतीप्रमाणेच आली आहे.