झारीवरचं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चमध्ये पाप कबूल करताना नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या फादरांना तर नाहीच. त्यांना मातीआड करून आज नऊ दिवस झाले. तुम्हाला सांगतो.

माझ्या वडिलांची बहीण सोमीबाई — आम्ही तिला फुई म्हणायचो. तिच्याकडे चांदीची एक जुनी झारी होती. फुईच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, नवापुरात एका पारशी घरी जन्मभर काम केलं. ते लोक सुरतेला निघाले तेव्हा घरच्या बाईंनी ती तिला दिली. अंगभर कोरलेली वेलबुट्टी, तोटीपाशी दोन मासे. फुईनं ती लेकीसाठी, सुनीतासाठी, राखली होती.

ऊसतोडीला गुजरातेत जायचं तर मागे कुडाचं घर उघडंच राहतं. म्हणून आमच्याकडे जो तो आपली मोलाची वस्तू भरवशाच्या माणसाकडे ठेवून जातो. त्या वर्षी फुईला फादर भरवशाचे वाटले. फादर दक्षिणेकडचे. मराठी शिकले होते, आमची मावची बोली नाही. फुईला मराठी येत नव्हतं. मधे मी — बारावी झालेला, फादरांच्या शब्दावर वसतिगृहात जागा मिळालेला.

फुई बोलली. मला नीट कळलं. ऊस संपला की ती झारी परत नेणार होती. आणि मी फादरांना काय सांगितलं? — आमच्या घरातर्फे ही तुम्हाला भेट.

का? बाकीच्या घरांनी त्यांना काही ना काही दिलं होतं, आमच्या घरानं कोंबडीसुद्धा नाही. त्यांच्यापुढे आपलं घर जरा मोठं दिसावं — एवढंच. फादरांचे डोळे भरले. प्रत्येक मिस्सेत, वेदीपुढच्या रोजच्या उपासनेत, हिची आठवण करीन, म्हणाले. मी फुईला सांगितलं, जिवापाड सांभाळीन म्हणतात. दोघंही किती खूश होती!

फुई परतली तेव्हा झारी वेदीजवळ होती, मिस्सेत फादरांच्या हातावर पाणी घालायला. तळाला नव्यानं नाव कोरलेलं. भांड्यावर नाव घालतात ते हरवू नये म्हणून — फुईला तसंच वाटलं.

"वाच रे."

"सोमीबाई," मी वाचलं. पुढचे दोन शब्द, 'हिच्याकडून भेट' — गिळले.

"मग आता कोणाची हिंमत न्यायची! राहू दे इथंच, सुनीताच्या लग्नापर्यंत."

तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं?

लग्नाआधीच फादरांची बदली झाली. झारी ते सोबत घेऊन गेले. त्यांची भेटच होती ना. मी फुईला म्हणालो, पत्र टाकतो. टाकलं नाही. दर बाजाराला ती विचारायची, उत्तर आलं का? मी म्हणायचो, नाही. सुनीता झारीशिवाय सासरी गेली. त्यानंतर फुई चर्चची पायरी चढली नाही. "तुझा फादर चोर," चारचौघांत म्हणायची — आणि मी, शहाद्याच्या कॉलेजात पुस्तकं सांभाळणारा शिकलेला भाचा, खाली बघायचो. तसंच म्हणत ती तीन वर्षांपूर्वी गेली.

फादरांना आमच्याच गावात पुरावं अशी त्यांची इच्छा होती. शवपेटीशेजारी झारी ठेवली होती. सोबत आलेल्या तरुण फादरांनी सांगितलं, म्हातारे फादर रोज मिस्सेत एका सोमीबाईचं नाव घ्यायचे. रोज.

बाहेर सुनीतानं मला गाठलं. ती सातवी शिकलेली आहे. झारी उलटी करून तिनं वाचली होती.

"दादा, खाली तर भेट लिहिलंय. मग आई त्यांना चोर का म्हणायची?"

मी म्हणालो — साठीला आलेला मी म्हणालो — "दिली होती गं फुईनं. मागून मन बदललं तिचं."

"म्हणजे आईच खोटं बोलायची?"

मी खाली बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडीकडे गेली.

फुई त्या दिवशी काय म्हणाली होती, ते आता मराठीत लिहितो. ती म्हणाली होती — "हे सांभाळ, बाबा. मी आले की नेईन. माझ्या लेकीचं आहे."