भावजींचा स्लिम लॅपटॉप

माझ्या चुलत दिराची चार लोकांत फजिती व्हावी, असं मला दोन वर्षं मनापासून वाटत होतं. लिहायला लाज वाटत नाही.

जळकोटला हायवेलगत आमचा लग्नाच्या व्हिडिओचा धंदा. शूटिंग भावजींचं, एडिटिंग माझं. माझा लॅपटॉप जुना, जाडजूड. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळं चार्जर लावल्याशिवाय चालू होत नसे. पण सोलापूरला नेऊन मी त्याची रॅम वाढवून घेतली होती, मोठी डिस्क बसवली होती. आठ वर्षं त्यानं एक लग्न अडवलं नाही.

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी ऑर्डर ठरवायला गेलो. मी नमुना दाखवायला लॅपटॉप उघडला, तसा आतला पंखा घुरघुरायला लागला. भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ही आमच्या वहिनीची पिठाची गिरणी. दळण असलं तर आणा."

घरातल्या बायकासुद्धा हसल्या. फिल्म कुणी धड बघितली नाही.

पुढच्याच महिन्यात भावजींनी स्लिम लॅपटॉप घेतला. वहीएवढा जाड, दोन बोटांत धरून आमच्या ओट्यावर आले. "आता एडिटिंग मीच करीन, वहिनी. तुमी घरचं बघा."

एवढंच. जुनी गिऱ्हाइकं त्यांच्यामागं गेली. मी बारशांचे आणि वाढदिवसांचे व्हिडिओ करत राहिले, आणि वाट बघत राहिले.

मग एका मे महिन्यात त्यांचा फोन आला. तामलवाडीचं लग्न त्यांनी घेतलं होतं. अक्षता पडल्या की पंगती चालू असतानाच हळदीपासूनची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची, असा शब्द दिला होता.

"तीन कॅमेरे हायेत. माझ्या लॅपटॉपवर जागच्या जागी हुईल ना?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. त्या लॅपटॉपला पंखाच नव्हता. थोडा वेळ तो भन्नाट पळतो, मग तापतो आणि स्वतःच मंद होतो. थंड खोलीत पत्रं लिहिणाऱ्याला ते कधी कळतसुद्धा नाही. तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग पत्र्याच्या मांडवात कापून जोडणाऱ्याला लगेच कळतं. शिवाय कॅमेऱ्याचं कार्ड घालायला खाच नाही, पडद्याची मोठी वायर लागत नाही, बारीक छिद्रं दोनच. रॅम आतच चिकटवलेली, वाढवायची सोय नाही.

मी म्हणाले, "का न्हाय होणार? नवा हाय की."

नवरीची आई माझी माहेरची मैत्रीण, त्यामुळं आमंत्रण मलाही होतं. लग्नाला जाताना मी माझा लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर पिशवीत घातला. नवऱ्यानं विचारलं, "लग्नाला ह्ये कशाला?" मी पिशवी खांद्याला लावली.

अक्षता पडल्या. पंगत बसली. पडदा निळाच. मी समोरच्या रांगेत बसून भात कालवत भावजींकडं बघत होते. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. एका छिद्राला जोड लावून पडद्याची वायर बसवलेली, दुसऱ्यात चार्जर; कार्ड जोडायचं तर चार्जर काढावा लागे, आणि मशीन इतकं तापलेलं की त्याच्याखाली त्यांनी पाण्यात भिजवलेला रुमाल ठेवला होता. नवरीचा बाप दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला, "पावणे उठून चाललेत! कवा दावणार?"

मला भात गोड लागला. खरंच लागला.

शेवटी भावजी माझ्याजवळ आले. "वहिनी, काय तरी करा."

"माझी गिरणी हाय की. दळण आणा."

मी हात धुतले, पिशवीकडं बोट केलं. "उचला."

भरल्या मांडवातून त्यांनी ती पिशवी पोटाशी धरून स्टेजपर्यंत नेली. मी सावकाश मागून चालले. कार्ड सरळ आत गेलं, पडद्याची वायर बसली, पंखा गर्जायला लागला. साधी, लांबीला कमी अशी फिल्म मी जोडली. शेवटची पंगत बसली तेव्हा पडद्यावर नवरीच्या गालाला हळद लागत होती.

भावजी शेजारी उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "तुमाला आदीच ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मग फोनवर सांगितलं का न्हाय?"

"त्या दिवशी सगळे हसले, तवा तुमी तरी कुठं थांबवलं?"

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही टोचली. नवरीचा आजा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून कधीचा पडद्याकडं बघत बसला होता, आणि फिल्म लागायच्या आतच त्याला डोळा लागला. त्याचं माझ्याशी काहीच वाकडं नव्हतं.

पुढं तो स्लिम लॅपटॉप भावजींच्या बायकोकडं गेला. ती माकणीच्या बाजूला शाळेत शिकवते, दोन एसट्या बदलून जाते. शाळेत वीज नसली तरी तिचं दिवसभराचं काम होतं. खांदा दुखत नाही. तिला तो अगदी बरोबर आहे. ते मशीन वाईट नव्हतंच. ते भावजींच्या कामाचं नव्हतं, आणि त्यांनी ते मला हिणवायला घेतलं होतं.

जुनी गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. भावजीही दिवाळीत आले, पुन्हा एकत्र काम करू म्हणाले. मी चहा दिला आणि न्हाय म्हणाले. नवरा अजून म्हणतो, लई ताणलंस. असेल. शूटिंगला आता मी तुळजापूरची एक मुलगी ठेवली आहे. भावजींपेक्षा तिचा हात स्थिर आहे, आणि हे मी भावकीत सगळ्यांना आवर्जून सांगते.