न ऐकलेल्या द्रुतासाठी औंढ्याला

पुण्याहून सकाळच्या गाडीने निघताना घरी सांगितलं, हवापालटासाठी लोणावळ्याला जातोय. ते खरं नव्हतं. मला औंढ्याच्या केरबांना भेटायचं होतं.

बारा वर्षांपूर्वी पुण्यात केरबांचं गाणं झालं. मी वृत्तपत्रात मैफलींवर लिहीत असे. त्यांचा विलंबित ख्याल संपता संपता मी उठलो. एका बड्या घरी जेवणाचं आमंत्रण होतं. लेखात मात्र लिहिलं, 'द्रुत लय यांच्या आवाक्यातली नाही.' पुढे त्यांना बोलावणी येईनात, ते गावी परतले. त्यांचं द्रुत त्या दिवशी अप्रतिम झालं होतं, हे मला परवा त्यांच्याच तबलजीकडून कळलं.

लोणावळ्याहून पायीच गेलो. भात पोटरीला आलं होतं, बांधांवर पिवळी सोनकी फुलली होती. चिखलात वहाणेचा अंगठा तुटला. गवत कापणाऱ्या बाईंना विचारलं, "मावशी, केरबा गवई कुठं राहतात?"

"गवई? गवई न्हाई हितं कुनी. केरबा हाईत, ते काय भाताच्या खाचरात."

केरबांनी मला लगेच ओळखलं. घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. पहिला घास घेण्याआधीच मी बोललो.

"केरबा, तुमचं द्रुत मी ऐकलंच नव्हतं. न ऐकता लिहिलं."

"म्हाईत हाय. तुमी उठून गेल्यालं म्या बघितलंवतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला सांगू? छापल्यालं खरं वाटतं लोकान्ला. माज्या बाला बी वाटलं. पोराला येवढी वर्सं पुन्याला ठिवला ते वाया गेलं, आसं म्हनतच गेला."

ते द्रुत आता ऐकवाल का, असं मी भीतभीत विचारलं. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. सूर नेमका लागला. तान घेताना आवाज फाटला. "न्हाई धावत आता," म्हणून ते हसले. दारात त्यांची बायको उभी होती. ती हळूच म्हणाली, "लगीन झाल्यापून आज पयल्यांदा ऐकलं म्या."

परतीच्या गाडीत आठवू लागलो, शेवटपर्यंत बसून ऐकलेल्या मैफली किती? आकडा मनाशीही सांगवेना. पुढच्या आठवड्यात माझी चूक मी नावानिशी छापली आणि अंक औंढ्याला पाठवला. तो ज्यांना वाचून दाखवायचा, ते केरबांचे वडील मात्र राहिले नव्हते.