डॉक्टर येईपर्यंत द्रुत नाही

तेरदाळकर डॉक्टरांच्या शोकसभेत अकरा जण बोलले. कुणी त्यांना संगीताचे आश्रयदाते म्हणालं, कुणी रुग्णसेवेचे व्रती. मला कुणी विचारलंच नाही. अहो, डॉक्टरांच्या बैठकीत माझ्याइतकं मोठ्यानं अख्ख्या मिरजेत कुणी ओरडलेलं नाही, पहिला मान माझा होता!

आमचं घर तंबोऱ्यांचं. आमचे हे, दस्तगीर, तंबोरे घडवतात आणि मी भोपळे घासून तोंडाला येईल ते बोलते. डॉक्टरांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल आमच्या मागच्याच गल्लीत. रविवारी सकाळी पेशंटांची बाकं अंगणात निघायची आणि त्या खोलीत सतरंज्या पडायच्या. दारात डॉक्टर बॅटरी घेऊन उभे. कुणी नुसता घसा खाकरला की, "आ करा." खोकला सुका असेल तर ज्येष्ठमधाची काडी आणि शेवटची सतरंजी. ओला असेल तर सरळ घरी. एकदा मामलेदारांना परत पाठवलं होतं. वर आणि सांगितलं, "साहेब, पुढच्या रविवारी कोरडे होऊन या."

संथ ख्याल संपून जलद चीज सुरू होते ना, ती द्रुत म्हणजे डॉक्टरांचा जीव. मध्येच कुणी अडलेली बाई आली की ते उठायचे आणि जाताना गवयाला बोट दाखवायचे, "मी येईपर्यंत द्रुत धरायची नाही हं!" भले भले गवई ऐकायचे. न ऐकून सांगतात कुणाला?

माझी आधीची दोन पोरं गेली होती. एक पोटातच, दुसरं जन्मलं पण रडलंच नाही. तिसऱ्या वेळी मी धास्तावूनच होते. डॉक्टर म्हणाले, "हलीमा, ह्या वेळी मी आहे." मी म्हटलं, "मागच्या वेळीपण तुम्हीच होता." पुढच्या आठवड्यापासून डॉक्टर रोज संध्याकाळी घरी येऊन पोटाला नळी लावून बसायला लागले.

आणि कळा नेमक्या रविवारी सकाळी! चंद्राबाई हुक्केरीकरांची तोडी चालली होती. सासूबाईंनी मला अंगणातून आत नेलं, मी पहिली किंकाळी फोडली आणि शेवटच्या सतरंजीवरून कुणीतरी "शूऽ" केलं. सासूबाई तिथूनच कडाडल्या, "तुझी आई काय मुक्यानं बाळंत झाली होती काय रे?"

डॉक्टर बाईंना बोट दाखवून आत आले. बाळंतपणाची खोली आणि बैठक यांत एक भिंत, आणि तिला वर झरोका. गाणं सगळं आत. डॉक्टरांचे हात कामात, पण पाय फरशीवर ठेका धरलेला. मला म्हणतात, "आता दम धर. सम आली की जोर लाव."

"डॉक्टर, पोर काय तबल्याला विचारून येणाराय?" मी ओरडले. मार्था सिस्टर तोंडावर हात धरून हसायला लागल्या.

पण खरं सांगते, मला आधार त्या ठेक्याचाच झाला. संथ आवर्तन, मध्ये उसंत, मग सम. एक तास गेला, सव्वा तास गेला. बाहेर चंद्राबाई तीच चीज फिरवून फिरवून गात होत्या. लोकांचे पाय आखडले असतील, पण कुणी उठलं नाही. आमचे हे मागे तंबोऱ्यावर बसले होते. ते काय उठणार म्हणा, हात थांबला तर गाणं थांबेल.

पोर बाहेर आलं. रडलं नाही.

डॉक्टरांचा पाय थांबला. बाहेर बाईंनीही गाणं थांबवलं, तबलाही थांबला. त्या सगळ्यांना मागचं माहीत होतं. नुसते तंबोरे वाजत राहिले. मी मनात म्हटलं, या अल्ला, पुन्हा नको, आता मला नाही सोसायचं. डॉक्टरांनी पोराला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातलं काढलं, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. परत चोळलं. त्यांच्या कपाळावरचा घाम पोरावर पडत होता.

आणि मग पोर असं काही किंचाळलं की बस! बाहेरून तीस-चाळीस जणांची एकदम दाद आली, "क्या बात है!" डॉक्टर मान वर करून झरोक्याकडे ओरडले, "काळी चार! बाई, तुमच्याच पट्टीत आलीय पोरगी!" डोळ्यांना धार लागलेली आणि निघाले तसेच दाराकडे. मार्था सिस्टरनी कोट धरून ओढला, "डॉक्टर, आधी नाळ!"

नाळ कापली, पोरगी माझ्या छातीशी दिली आणि मग ते बैठकीत जाऊन बसले. तेव्हा कुठे द्रुत सुरू झाली. तशी द्रुत मी पुन्हा ऐकली नाही.

बिल्किस आता चौतीस वर्षांची आहे. तंबोऱ्याची जवारी लावते, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवते, बापापेक्षा बारीक. दर वाढदिवसाला डॉक्टर तिला "आ" करायला लावायचे, बॅटरीनं घसा बघायचे आणि म्हणायचे, "पट्टी शाबूत आहे."

गेल्या महिन्यात ते अंथरुणाला खिळले. आम्ही दोघी गेलो. तिनं उशाशी तंबोरा लावला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"काळी चार?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"रविवारी बैठक आहे?"

"आहे. पण तुम्ही बरे होईपर्यंत..."

त्यांनी नेहमीसारखं बोट वर केलं. "थांबायचं नाही. ह्या वेळी माझी वाट बघायची नाही हं. द्रुत धरायची."

शुक्रवारी ते गेले. रविवारी बैठक झाली. ख्याल संपला आणि गाणारीसकट सगळ्यांच्या माना सवयीनं दाराकडे वळल्या. कुणी पुढं सरकेना. मागे तंबोऱ्यावर बिल्किस होती. तिचे डोळे भरले होते, तरी ती ठणकावून म्हणाली, "धरा. काकांनी सांगितलंय."