लोड गुडघ्याखाली नको, टाचेखाली

डॉक्टरांनी पडद्यावरच्या काळ्या-करड्या चित्रावर पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, "एसीएल. कम्प्लीट टेअर."

एसीएल, अर्थात अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारी दोरी. माझ्या मुलीची, सईची, ती पूर्ण तुटली होती. आणि ही बावीस वर्षांची बया विचारते काय, तर "सो, व्हेन कॅन आय रेस?"

ऑकलंडमध्ये बॉटनी डाउन्सला राहणाऱ्या, पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांच्या घरात बर्फावर शर्यती लावणारी मुलगी कुठून आली, ते मला विचारू नका. मला पुसलेल्या फरशीवरूनसुद्धा धड चालता येत नाही. शाळेच्या सहलीत ती एकदा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बर्फात गेली आणि मनानं तिथेच राहिली. आता तोच तिचा पेशा आहे. जायंट स्लालम, म्हणजे डोंगरउतारावर रोवलेल्या खांबांना वळसे घालत मोटारीच्या वेगानं खाली यायचं. ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सरावाला एका वळणावर पायाला बांधलेली स्कीची पट्टी अडकली, गुडघा पिरगळला आणि तिला आतून 'पॉप' असं ऐकू आलं. तुमच्यापैकी कुणाला असा आवाज आला, तर "मुरगळलं असेल, चोळू या" म्हणत घरी बसू नका. सरळ डॉक्टर गाठा.

"तिच्याच मांडीमागच्या टेंडनमधून नवं लिगामेंट करू," डॉक्टर म्हणाले. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. "शर्यतीला नऊ ते बारा महिने. घाई केलीत तर पुन्हा भेटू."

तिच्या कोचनं संघातली जागा पुढच्या ऑगस्टपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. त्यापुढे नाही.

ऑपरेशन छान झालं. फिजिओ हानानं पहिल्याच दिवशी "किआ ओरा!" असा माओरी नमस्कार करून हातात एक कागद दिला. पहिली ओळ ठळक अक्षरात होती: गुडघ्याखाली उशी ठेवू नये. मी तो फ्रीजवर लावला. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम, इतरांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. सूचना पाळण्यात मी कुणाला हार जाते थोडीच!

आणि तरीही मी नको तेच केलं. दुपारी सई कळवळायची, "आई, हीप्स दुखतंय गं." हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत खूप. मग माझा हात आवरायचा नाही. पुण्याहून आणलेला कापसाचा लोड मी हलकेच तिच्या गुडघ्याखाली सरकवायची. गुडघा जरा वाकला की तिला बरं वाटायचं, झोप लागायची, आणि मला वाटायचं, त्या कागदाला काय कळतंय आईचं?

तिसऱ्या आठवड्यात हानानं गुडघा मोजला. तिचा चेहरा बदलला. "एक्स्टेन्शन आठ अंश कमी आहे." एक्स्टेन्शन म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणं. "असाच राहिला तर आत स्कार टिश्यू धरेल, म्हणजे जखमेचे घट्ट धागे. ते कापायला दुसरं ऑपरेशन. मग पुढचा हंगाम विसरा. घरी गुडघ्याखाली काही ठेवता का?"

"नो, नथिंग," सई छताकडे बघत म्हणाली.

पोरगी मला वाचवायला खोटं बोलत होती! मला इतकी लाज वाटली की रडूच आलं. "लोड ठेवते," मी म्हणाले. "मी ठेवते. रोज."

हाना रागावली नाही. लोड केवढा असतो ते तिनं हातानं दाखवायला लावलं आणि म्हणाली, "माझ्या आईनंही हेच केलं असतं. आता तोच लोड टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहू दे. गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर, एक किलो वजन. दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. दोन आठवड्यांनी बघू."

एक किलोचं वजन म्हणून आमच्याकडे तूरडाळीचा पुडा होता. सईची टाच लोडावर, मांडीवर डाळ, आणि शेजारी घड्याळ घेऊन मी. ती इंग्रजीत शिव्या द्यायची, मी मराठीत दटावायची. तिचं दुखणं बघत हात मागे घेऊन बसणं मला अख्ख्या आजारपणात सर्वांत जड गेलं. पण तुमच्यावर ही वेळ आली तर बसा. त्या वेळी तीच माया असते.

रोज संध्याकाळी तिला जमिनीवर पाय पसरायला लावून मी गुडघ्याखालची फट तपासायची. आधी तीन बोटं जात होती. मग एक. मग पेन्सिल. तेराव्या दिवशी पेन्सिल अडली, तशी मी धावत जाऊन फ्रीजवरचा तोच कागद आणला आणि सरकवून पाहिला. कागद अडकला! आम्ही दोघी इतक्या ओरडलो की शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावले. दुसऱ्या दिवशी हानानं मोजलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. ऑपरेशन टळलं.

पुढचे महिने जिन्याचे, सायकलचे, एका पायावर उड्या मारण्याचे. आणि मग ऑगस्ट! उताराच्या तळाशी मी स्वेटरवर जॅकेट, त्यावर आणखी एक जॅकेट घालून उभी. वर एक ठिपका सुटला. वळणावर बाहेरच्या पायावर सगळा भार येतो, आणि प्रत्येक वळणाला माझाच गुडघा आवळत होता. "ये गं, ये गं, ये गं!" मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. ठिपक्याची सई झाली, रेषा ओलांडली, बर्फाचा फवारा माझ्या तोंडावर उडाला.

अकरावी आली. कोचनं तिचं हेल्मेट थोपटलं. "जागा तुझीच."

डॉक्टरांचे, हानाचे, त्या कोचचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण सई मला मिठी मारायचं सोडून पायथ्याच्या कपडे बदलायच्या खोलीत गेली, बूट काढले, बाकावर पाय लांब केला आणि हात पुढे करून म्हणाली, "आई, कागद?"

तो माझ्या आतल्या जॅकेटच्या खिशात होताच. मी वाकून गुडघ्याखाली सरकवायला गेले. कागद अडकला, जागचा हलला नाही.