नंदीबेट्टावरची खेप

उमाजी चव्हाण पहाटे पाचलाच उठून टॅक्सी पुसायला लागला होता. डिकीत पाळणा होता, दोरीने नीट आवळून बांधलेला. त्याची मुलगी रक्षिता याच पाळण्यात वाढली. आता तिला मुलगी झाली होती आणि आज रक्षिताच्या सासरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला आनेकलला, नातीचं बारसं होतं. आजोळचा पाळणा म्हणून उमाजीने त्याचे दोन दांडे नवे बसवून घेतले होते, पॉलिश करून घेतलं होतं. बायको भागीरथी दोन दिवस आधीच तिकडे गेली होती. कार्यक्रम चारचा, म्हणजे दहाला निघालं की आरामात पोचता येणार होतं.

साडेपाचला प्रतिमाबाईंचा फोन आला.

प्रतिमाबाई हेब्बाळला राहत. त्यांचे यजमान सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. ते गेल्यावर बाईंनी घरची गाडी विकली आणि कुठेही जायचं झालं की त्या उमाजीला बोलवू लागल्या. याला अकरा वर्षं झाली होती. उमाजीलाही त्यांचं काम आवडे, कारण गाडीत मराठी बोलायला मिळे. त्याच्या घरचं मराठी चार पिढ्या बंगळुरात मुरलेलं. मुलगी आणि जावई तर आपसात कानडीच बोलत. बाई मूळच्या पुण्याच्या. उमाजी त्यांना अक्का म्हणे, आणि त्याही ते चालवून घेत.

बाईंचा भाचा मकरंद पीएचडीच्या मुलाखतीसाठी आला होता. मुलाखत वाईट झाली होती. दुसऱ्या दिवशी परत जायचं, आणि आज पहाटे एकाएकी त्याने नंदीबेट्टाच्या डोंगरावर जाऊन येतो म्हणून हट्ट धरला होता. उमाजीने बारशाचं सांगितलं.

"अहो, बाराच्या आत परत याल," बाई म्हणाल्या. "पोरगं रात्रभर जेवलेलं नाही. अशा वेळी कुणा अनोळखी माणसाबरोबर कसं पाठवू?"

"सरी अक्का, येतो," उमाजी म्हणाला.

 देवनहळ्ळी गाव मागे पडल्यावर मकरंदने आपणहून सांगितलं, की दोन वर्षं याच एका जागेसाठी अभ्यास केला, आता पुण्याला कुठल्या तोंडाने जायचं कळत नाही. उमाजीने त्याला रस्त्यात थांबवून इडली खायला लावली. आपण कामाला होतो तो पीण्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना बंद पडला तेव्हा आपल्यालाही असंच झालं होतं, महिनाभर घराबाहेर पडलो नव्हतो, हे त्याने मुलाला सांगितलं. इतक्या वर्षांत हे त्याने कुणापाशी काढलं नव्हतं. मकरंद म्हणाला, "काका, तुमचं मराठी फार क्यूट आहे." उमाजीला ते कसं घ्यावं समजलं नाही; तो हसला.

आठला ते डोंगरावर पोचले. दहापर्यंत येतो म्हणून मकरंद धुक्यात निघून गेला.

दहा वाजले, अकरा वाजले. मुलाचा फोन बंद. धुकं उतरलं, ऊन तापलं. साडेअकराला उमाजी गाडीला कुलूप लावून शोधायला निघाला. देवळापाशी पाहिलं, बागेत पाहिलं. जिथून खाली सरळ कडा आहे तिथल्या कठड्याशी तो आला आणि वाकून खाली पाहू लागला. 'कुठल्या तोंडाने जायचं' हे शब्द त्याला आठवले.

त्याने पहारेकऱ्यांना मुलाचं वर्णन सांगितलं. पोरगा कसल्या टेन्शनमध्ये होता का, असं त्यांतल्या एकाने कानडीत विचारलं, आणि उमाजीला खोटं बोलवेना. मग बाईंना कळवलं. बाई फोनवरच रडायला लागल्या. "तुम्ही त्याला एकटं सोडलंतच कसं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. त्यांनी पाठवलेला मकरंदचा फोटो उमाजी दिसेल त्याला दाखवत फिरला. जुन्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने तो खाली अर्ध्यापर्यंत उतरला, प्रत्येक वळणावर झुडपांत वाकून पाहिलं, हाका मारल्या. एकसष्ट वर्षांचे गुडघे. परत चढताना तो तीनदा बसला. भागीरथीचे फोन येत होते. पहिल्यांदा त्याने कारण सांगितलं, नंतर उचलेनासा झाला. कुणाचं लेकरू दरीत पडलेलं असताना आपण बारशाला कसं निघायचं, एवढंच त्याला दिसत होतं.

साडेचारला त्याने बाईंना फोन लावला. पोलिसांत जायचं का, हे विचारायला.

"अगंबाई, उमाजी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचंच राहिलं. तो अडीचलाच आला ना घरी. वर त्याला कॉलेजचे मित्र भेटले, त्यांच्याच गाडीतून आला. बॅटरी संपली होती बिचाऱ्याची. आत्ता कुठे पोटभर जेवलाय."

मागून टीव्हीचा आवाज येत होता, आणि मकरंदचं हसणं. उमाजी म्हणाला, बरं झालं. पहारेकऱ्यांना त्याने मुलगा सापडल्याचं सांगितलं. त्यांनी त्याला शिव्या घातल्या, त्या त्याने मान खाली घालून ऐकल्या.

सगळं शहर ओलांडून आनेकलला पोचायला त्याला साडेआठ वाजले. पाहुणे गेले होते. शेजारच्यांचा लोखंडी पाळणा मागून आणून नाव ठेवून झालं होतं: वेदिका. विहिणीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, आजोळचं माणूस कुठे आहे म्हणून. भागीरथी त्याला पाहताच उठून आत गेली. रक्षिताने त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या पोरासाठी थांबलात, ते बरोबरच केलंत. पण तो घरी पोचल्यावरही दोन तास तुम्ही उन्हात त्याला शोधताय, हे त्या घरात एकालाही आठवलं नाही?"

उमाजी उठून गाडीकडे गेला. पाळणा त्याने एकट्यानेच उतरवून घेतला.

तीन दिवसांनी बाईंचा फोन आला. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की पहारेकऱ्यांना फोटोबिटो दाखवायला नको होता. कुणीतरी तो ग्रुपवर टाकला, मकरंदला फार अवघड झालं. मुलं अशी करतातच, आपण जरा धीर धरायचा असतो.

"गुरुवारी गाडी रिकामी नाही," उमाजी म्हणाला. गाडी दारातच उभी होती, आणि गुरुवारीही दारातच राहिली. पुढच्या दोन फोनांना त्याने तेच सांगितलं. चौथा फोन आला नाही.

गेल्या महिन्यात विमानतळाच्या रस्त्यावर सिग्नलला एक गाडी त्याच्या शेजारी येऊन थांबली. मागे प्रतिमाबाई, पुढे नवा ड्रायव्हर. बाई ओळखीचं हसल्या, काच खाली करून नात कशी आहे म्हणून विचारलं.

"बरी आहे," उमाजी म्हणाला.

नाव काय ठेवलं, हे त्यांनी विचारलं नाही. सिग्नल सुटला आणि त्यांची गाडी पुढे निघून गेली.